देखभालीचा नारळ

शहरात रस्ता उखडला की लोक विचारतात, दुरुस्त कधी होणार? आमच्या तालुक्यात पहिला प्रश्न वेगळा असतो. "हा कुणाचा?" मोटारसायकलसकट खड्ड्यात गेलेला माणूस उठतो, गुडघा झाडतो आणि आधी रस्त्याचे कूळ विचारतो. ते कळल्याशिवाय शिवी कुठल्या कार्यालयाच्या नावे घालायची हे ठरत नाही, आणि चुकीच्या कार्यालयाला घातलेली शिवी वाया जाते, असा आमच्याकडे जुना अनुभव आहे.

कुळे पाच आहेत. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. ही उतरंड डिसेंबर १९४३ मध्ये नागपुरात ठरली. देशभरचे मुख्य अभियंते तिथे जमले होते. बाहेर महायुद्ध चालले होते आणि आत ही मंडळी पुढच्या वीस वर्षांचे रस्ते आखत होती. शेतीने भरभराटलेल्या भागातले कोणतेही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब राहू नये, असे त्यांनी ठरवले. गाव मोठ्या रस्त्यापर्यंत कोणत्या अवस्थेत पोचावे, हा विषय बहुधा वेळेअभावी राहिला असावा.

ह्या पाचांपैकी राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग, म्हणजे 'प्रजिमा', सार्वजनिक बांधकाम खाते सांभाळते. खालचे दोन, 'इजिमा' आणि 'ग्रामा', जिल्हा परिषदेच्या पदरात. राज्यातल्या रस्त्यांच्या लांबीत सगळ्यात मोठा वाटा ग्रामीण मार्गांचा आणि निधीच्या रांगेत सगळ्यात शेवटचा नंबरही त्यांचाच. आणि इजिमाच्या तर अधिकृत नावातच 'इतर' आहे, त्याने तरी कुणाकडून किती अपेक्षा ठेवावी?

कधीकधी रस्त्याची दर्जोन्नती होते. काल ग्रामीण असलेला रस्ता आज प्रमुख जिल्हा मार्ग होतो. पेपरात बातमी येते, गावात फटाके वाजतात. रस्ता आहे तसाच राहतो, फक्त झेडपी सांगते की आता तो आमचा नाही आणि बांधकाम खाते सांगते की कागद अजून आले नाहीत. ह्या मधल्या काळात रस्ता कुणाचाच नसतो. एरवी कुणाचा असतो म्हणजे काय होते, हेही सांगणे अवघडच आहे म्हणा.

कूळ कळले की दुसरा प्रश्न: पैसा कशातून? इथे आमच्या गावाची विद्वत्ता दिसते. सातवीत शाळा सोडलेला माणूस पारावर बसून सरकारची लेखाशीर्षे तोंडपाठ म्हणतो. "तीस-चोपन्नमध्ये काय नाय बसायचं. पन्नास-चोपन्नला टाका, नायतर पंचवीस-पंधरातून आना." ३०५४ म्हणजे मुळात रस्ते-पुलांची देखभाल-दुरुस्ती, ५०५४ म्हणजे त्यांच्यावरचा भांडवली खर्च आणि २५१५ म्हणजे लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावातली मूलभूत सुविधांची कामे. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटते, मंडळी आकडा लावतायत. तसे म्हटले तर लावतच असतात, फक्त हा कधी लागेल ते मुंबईत ठरते.

पैशाचे हे दुखणे आजचे नाही. १९२७ मध्ये ब्रिटिश सरकारने रस्तेविकासाची एक समिती नेमली. अध्यक्ष आपले मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. वर्षभरात समितीने अहवाल दिला: रस्ते आता देशाच्या हिताचा विषय झाले आहेत, प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या खिशाला ते झेपणारे नाहीत, तेव्हा पेट्रोलवर कर लावा आणि त्यातून रस्त्यांसाठी निधी उभा करा. १९२९ मध्ये तो निधी सुरूही झाला. मग राज्य बदलले, १९६२ च्या १ मे रोजी जिल्हा परिषदा आल्या, १९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि अकराव्या अनुसूचीत रस्ते, मोऱ्या, पूल असे सगळे पंचायतींच्या विषयांत लिहून टाकले गेले. विषय खाली आला. पैसा मात्र अजून वाटेत आहे, आणि वाट कशी आहे ते तुम्हाला माहीतच आहे.

झेडपीचा स्वतःचा पैसा म्हणजे सेस, त्यातला एक भाग जमीन महसुलावरच्या उपकराचा. जमीन महसूल म्हणजे काय रक्कम असते, हे सातबारावाल्या माणसाला सांगायला नको. चहाला बोलावलेल्या तलाठ्यावर त्याहून जास्त खर्च होतो. त्यामुळे रस्त्यांची खरी मदार जिल्हा नियोजन समितीवर. अध्यक्ष पालकमंत्री. ह्या समितीतून झेडपीला निधी मिळतो आणि मग सुरू होते नियोजन.

नियोजनाचे हे गणित मी नीट समजून घेतले आहे. यंदाच्या निधीतून आधी मागच्या वर्षांच्या अपुऱ्या कामांची देणी वजा करायची. ह्या देण्याला दायित्व म्हणतात. मग जे उरेल त्याच्या दीडपट रकमेची कामे मंजूर करायची. दीडपट! एखाद्या घरात पगार आल्यावर वाण्याची उधारी काढून ठेवली, उरलेल्या पैशाला दीडने गुणले आणि तेवढ्याची खरेदी करून आले, तर त्या घराला कुणी सोयरीक देणार नाही. झेडपीत ह्याला दीडपट नियोजन म्हणतात आणि ते वेळेत झाले नाही म्हणून सदस्य सभागृहात आरडाओरडा करतात. कारणही दिले जाते: काही निविदा कमी दराने येतात, काही कामे जागेच्या वादात मरतात, मग निधी पडून राहू नये म्हणून थोडी जास्तीची कामे हाताशी असलेली बरी. ऐकताना पटते. पुढच्या वर्षी दायित्व वाढलेले दिसते तेव्हा जरा कमी पटते.

कामाची वाट अशी. ग्रामसभेचा ठराव. शाखा अभियंत्याची पाहणी. दरसूची लावून अंदाजपत्रक. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, ई-निविदा. निविदेत ठेकेदार 'बिलो' जातो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा वीस-पंचवीस टक्क्यांनी कमी दर भरतो. सरकारने हिशोब करून सांगितलेले असते की ह्याहून स्वस्तात हा रस्ता होत नाही, आणि एक सद्गृहस्थ येऊन म्हणतो, मी करतो. त्या परोपकाराची जाडी पुढे मिलिमीटरमध्ये मोजता येते, मोजलीच तर. बरे, ठेकेदाराचीही रड खोटी नाही. २०२५ मध्ये थकलेल्या बिलांसाठी राज्यभरातले कंत्राटदार आंदोलनाला बसले होते. ज्याचे बिल दोन वर्षांनी निघणार, तो डांबर तरी कोणत्या उत्साहाने ओतील?

ह्या सगळ्यात कॅलेंडर आमच्या विरुद्ध आहे. खड्डा जून ते सप्टेंबरात पडतो. डांबराचे काम पावसात होत नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत खड्डा ऐन तारुण्यात असतो, त्यामुळे चर्चा जोरदार होते. पण तेव्हा करण्यासारखे काही नसते. ऑक्टोबरपासून करता येते, तर तेव्हा कागद फिरत असतात. कागद फिरून आले की आचारसंहिता लागते. लोकसभा, विधानसभा, झेडपी, ग्रामपंचायत, पदवीधर, शिक्षक. एवढ्या निवडणुकांत आचारसंहिता नसलेला महिना शोधून काढणे हेच एक स्वतंत्र नियोजन आहे. शेवटी मार्च येतो. मार्चमध्ये आख्ख्या जिल्ह्याला एकदम डांबराचा वास येतो. जिल्हा नियोजनाचा निधी खर्चायला झेडपीला दोन वर्षे मिळतात, असे ऐकून कुणाला हायसे वाटेल. त्याचा अर्थ एवढाच की एका मार्चऐवजी दोन मार्च धावपळ असते.

पूर्वी ह्या कॅलेंडरची गरज पडत नव्हती, कारण तेव्हा मैलकुली होता.

चाळिशीच्या आतल्या वाचकांनी मैलकुली पाहिला नसेल. बांधकाम खात्याच्या रस्त्यावर प्रत्येकाला ठरावीक तुकडा नेमून दिलेला असे. हाताशी फावडे, कुदळ, घमेले आणि कोयता. मे महिन्यात तो कडेची गटारे उकरून मोकळी करी, रस्त्यावर आलेल्या बाभळीच्या फांद्या छाटी, साइडपट्टीवर मुरूम ओढी. खडीचे आणि मुरमाचे छोटे ढीग त्याने आधीच करून ठेवलेले असत. पावसात ताटलीएवढा खड्डा पडला की दुसऱ्या दिवशी त्यात दोन घमेली पडलेली दिसत. अंदाजपत्रक नाही, निविदा नाही, फोटो नाही. फावल्या वेळात तो झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लावी, ते वेगळेच. आम्ही पोरे त्याला आळशी म्हणायचो, कारण तो बाभळीखाली विडी ओढताना हटकून दिसायचा. आता कळते की तो तिथे दिसायचा, हीच त्याची निम्मी नोकरी होती. रस्त्यावर रोज पाहणारा एक माणूस होता.

मैलकुली निवृत्त होत गेले, जागा भरल्या गेल्या नाहीत आणि काम ठेक्याने द्यायची पद्धत आली. इथेच घोटाळा झाला. आर्थिक म्हणत नाही, तो विषय वेगळा आहे. दोन घमेल्यांच्या खड्ड्याची निविदा काढता येत नाही. एवढ्याशा कामाला ठेकेदार यंत्रसामग्री कशाला आणील? त्यामुळे खड्डा निविदेच्या वयात येईपर्यंत वाट पाहावी लागते. साधारण दोन पावसाळ्यांत तो वयात येतो. तोवर त्याची भावंडेही झालेली असतात आणि मग सगळ्या कुटुंबाचे मिळून एक सुदृढ अंदाजपत्रक तयार होते.

आता रस्ता मरतो कशाने, तेही सांगून टाकतो. रस्ता वाहनांनी नंतर मरतो, आधी पाण्याने मरतो. डांबराचे आणि पाण्याचे जमत नाही. म्हणून रस्त्याला मधोमध उंचवटा ठेवून दोन्ही अंगांना उतार देतात, उतारावरचे पाणी साइडपट्टीवरून गटारात जावे आणि गटारातले ओढ्याला, अशी योजना. आमच्याकडची जमीन काळी. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावर रस्ता टिकवायचा तर पाणी बाजूला जाणे हा जिवाचा प्रश्न असतो.

आणि गटार कुठे आहे? गटारात तात्यांचा ऊस आहे.

भावाचा बांध कोरण्याची कला महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. भाऊ निदान कोर्टात जातो. रस्ता कोर्टात जात नाही. त्यामुळे दरवर्षी नांगर एक तास अलीकडे येतो. आधी गटार गेले, मग साइडपट्टी गेली, आता डांबराच्या कडेला सरीचे टोक भिडले आहे. शेतात ट्रॅक्टर उतरवायला कुणी गटारात माती भरून रपटा केला, कुणी पाइप नेण्यासाठी रस्ता आडवा फोडून वर चार पाट्या माती लोटली, कुणाच्या पाटाचे पाणी रात्रभर रस्त्यावरून वाहते. त्यातून उरलेसुरले जल जीवन मिशनच्या चरांनी पुरे केले. गावागावात नळ यावा म्हणून २०१९ पासून रस्त्याच्या कडा खणल्या गेल्या. खणलेली कड पूर्ववत करण्याची तरतूदही त्या कामांत असते, पण ती कागद पूर्ववत ठेवण्यापुरती. ग्रामसभेत "रस्त्याला गटार नाही" अशी तक्रार सगळ्यांत मोठ्या आवाजात तात्याच करतात. सरपंच त्यांच्याकडे बघतात, तात्या सरपंचांकडे बघतात. सरपंचांचाही ऊस त्याच रस्त्याला लागून आहे. विषय पुढच्या सभेवर जातो.

ऊस गटारात असतो तोवर एकवेळ परवडला. नोव्हेंबरात तो रस्त्यावर येतो. एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर दुमजली मोळ्या आणि चालकाच्या बाजूला सगळ्या शिवाराला पुरेल असे संगीत. अमेरिकेत १९५८ ते १९६० ह्या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांच्यावरून भरलेले ट्रक फिरवून पाहिले होते. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याचे नुकसान दुप्पट नव्हे, सोळापट होते. एवढा खर्च करायची गरज नव्हती. एका गळीत हंगामात आमच्या कारखान्याच्या रस्त्याला येऊन उभे राहिले असते तरी कळले असते. ग्रामीण मार्गाचे डांबर असते केवढे? पुष्कळदा वीस मिलिमीटरचे कार्पेट. ते बैलगाडी, एसटी आणि सायकलवरच्या मास्तरांसाठी आखलेले. त्यावरून ऊस जातो, वाळूचे डंपर जातात, आणि नवा महामार्ग बांधणाऱ्या कंपनीचे हायवाही जातात. महामार्ग छान होतो. त्याला मुरूम पुरवणारा आमचा रस्ता मुरूम होतो.

एवढे सगळे कळत असून देखभाल का होत नाही, ह्याचे माझे उत्तर साधे आहे. देखभालीला नारळ फुटत नाही.

नव्या रस्त्याचे भूमिपूजन असते. मंडप, फेटे, कुदळ, कोनशिला. एका किलोमीटरचे दोन तुकडे पाडून दोन लेखाशीर्षांतून दोन नारळ फोडता येतात. पहिला आमदारांचा, दुसरा झेडपी सदस्यांचा, आणि दोघांचे पटत नसेल तर त्याच तुकड्यावर आणखी एक. काम पूर्ण झाले की लोकार्पण. झेडपीच्या बांधकाम सभापतिपदासाठी एवढी चुरस का असते? आता उलट बाजू पाहा. 'गटारातील गाळ काढणे' ह्या कामाच्या शुभारंभाची पत्रिका तुम्ही कधी पाहिली आहे? मोरीचे तोंड मोकळे केल्याबद्दल कुणाचा अभिनंदनाचा बॅनर लागलेला आठवतो? जो रस्ता पंधरा वर्षे चांगला राहिला, त्याने पंधरा वर्षांत कुणाचाही फोटो छापून आणलेला नसतो. राजकीयदृष्ट्या तो रस्ता वांझ.

वाहून गेलेल्या रस्त्याचे त्यापेक्षा बरे चालते. खड्डे पडले तर नियमित दुरुस्तीच्या तुटपुंज्या निधीत रांगेला उभे राहावे लागते. पण पुरात रस्ता मोरीसकट गेला की 'पूरहानी दुरुस्ती' हे वेगळे दार उघडते. पाहणी दौरे होतात, पंचनामे होतात, साहेब चिखलात उतरल्याचे फोटो येतात. त्यामुळे आमच्या रस्त्याबद्दल गावाची भूमिका अशी झाली आहे की त्याने एवढे सोसले, आता आणखी थोडा धीर धरून एखाद्या चांगल्या पुरात रीतसर वाहून जावे.

ह्यावर आमच्या ग्रामसभेत एक सूचना आली आणि ती मला शंभर टक्के पटली. प्रत्येक बुजवलेल्या खड्ड्याशेजारी कोनशिला बसवावी. 'हा खड्डा माननीय अमुक यांच्या अथक पाठपुराव्याने बुजवण्यात आला.' मोठ्या खड्ड्याला मंत्री, मध्यमाला आमदार, टायर जेमतेम आपटेल एवढ्याला उपसरपंच. मे महिन्यात 'गटार-उघडणी महोत्सव' घ्यावा, पहिले फावडे सभापतींनी मारावे, दुसरे गटविकास अधिकाऱ्यांनी, आणि उरलेल्यांनी तिथेच मारत राहावे. झाडांना गेरू-चुना लावताना आमदारांचे नाव लिहायला बुंधे मोकळे आहेतच. कुणी विचारले, "आणि खड्डा परत पडला तर?" त्यावर तात्या म्हणाले, "मग परत नारळ." टाळ्या पडल्या. ठराव मात्र झाला नाही, कारण गणपूर्ती संपली होती. निम्मी सभा उसाला तोड आली म्हणून उठून गेली होती.

गंमत अशी की ज्याला नारळ लागत नाही असा एक उपाय सरकारने केव्हाच करून ठेवला आहे. २५ डिसेंबर २००० ला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारानेच पुढची पाच वर्षे त्याची देखभाल करायची, अशी अट तिच्या करारातच घातली. गटार काढणे, झुडपे छाटणे, खड्डे भरणे, साइडपट्टी राखणे हे सगळे त्यात आले, म्हणजे कागदावर मैलकुलीच परत आला. आणि रस्त्याच्या तोंडाशी एक फलक लावायचा: लांबी किती, खर्च किती, ठेकेदार कोण, काम केव्हा पुरे झाले आणि त्याखाली पहिल्या वर्षापासून पाचव्या वर्षापर्यंत दरसाल देखभालीची रक्कम किती. एवढे उघड तर लग्नातले आहेरही कुणी वाचून दाखवत नाही.

वरचा खर्चाचा आकडा सगळे वाचतात, त्यात कुणी किती खाल्ले ह्याची चर्चा करतात आणि पुढे जातात. खालच्या पाच ओळी कुणी वाचत नाही. तुमच्या गावाला असा रस्ता असेल तर यंदा मे महिन्यात त्या फलकाचा एक फोटो काढा आणि झेडपीत नव्हे, आधी ग्रामसभेत दाखवा. चालू वर्षाची रक्कम मोठ्याने वाचा आणि एवढेच विचारा की ह्या पैशात यंदा कोणते गटार उघडले. पाच वर्षे संपली असतील तर पुढचे कोण पाहणार ते लेखी मागा. तात्यांना शेजारी बसवा, म्हणजे नांगराचाही विषय निघेल.

फोटो काढायच्या आधी फलकाच्या खालच्या अर्ध्यावर बांधलेला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा बॅनर मात्र जरा वर सरकवा. पाच ओळी त्याच्यामागेच आहेत.